रीड घासण्याआधी हवा कुठून निसटतेय ते बघा

मागच्या महिन्यात याच पानावर लिहिलं होतं की क्रोमॅटिक हार्मोनिकाबद्दल, म्हणजे बटणाच्या माउथ ऑर्गनबद्दल, काही अडत असेल तर विचारा, आणि एवढे प्रश्न आलेत की सगळे एका अंकात मावणारच नाहीत, म्हणून जे सारखे सारखे आले ते निवडलेत. एक गोष्ट आधी सांगतो. बहुतेकांनी "रीड गेलीय" (रीड म्हणजे हवेने हलून स्वर काढणारी पितळेची पातळ पट्टी) असं लिहिलंय आणि माझा अनुभव असा की रीड जाते फार क्वचित. हवा कुठूनतरी निसटत असते, व्हॉल्व्ह (हवा अडवणारी प्लास्टिकची पट्टी) चिकटलेला असतो, नाहीतर गॅप (रीडचं मोकळं टोक खाचेपासून जितकं वर असतं ते अंतर) हललेला असतो, आणि हे तिन्ही घरच्या टेबलावर नीट होण्यासारखं आहे. फक्त घाई करायची नाही.

प्रश्न : माझी 12 होलची पांढरी एकची क्रोमॅटिक आहे, चार वर्षं वाजवतोय. हल्ली पहिल्या तीन होलवर श्वास ओढून वाजवलं की फुसफुस आवाज येतो आणि दम लागतो, फुंकून मात्र व्यवस्थित वाजतं. दुकानात म्हणाले रीड झिजल्या, नवीन घ्या. घ्यावी का? (डोंबिवली, निवृत्त वाचक)

काका, अजून पैसे घालू नका. तुम्ही "फुंकून व्यवस्थित, ओढून फुसफुस" असं लिहिलंत ना, त्यातच सगळं आलं.

असं बघा, 12 होलच्या हार्मोनिकात 48 रीड असतात, प्रत्येक होलला चार. बटण सोडलेलं असताना त्यातल्या दोन वाजतात, बटण दाबलं की दुसऱ्या दोन, म्हणजे सगळा बाजा पांढरी एकवरून काळी एकवर, अर्धा स्वर वर सरकतो. आता एका कप्प्यात एक फुंकायची रीड आणि एक ओढायची रीड अशा शेजारी शेजारी बसलेल्या असतात, दोघींची खाच उघडीच. तुम्ही श्वास ओढता तेव्हा हवा फक्त ओढायच्या रीडमधून यायला हवी पण शेजारच्या फुंकायच्या रीडच्या खाचेतूनही ती आत घुसू बघते, तिला अडवायला त्या खाचेवर प्लास्टिकची पातळ पट्टी चिकटवलेली असते, तोच व्हॉल्व्ह. ही पट्टी नीट टेकली नाही की अर्धी हवा फुकट जाते आणि तुम्हाला वाटतं रीडमध्ये दम राहिला नाही.

आणि इथे एक सोपी खूण आहे जी कुणी सांगतच नाही. फुंकायच्या रीड आतल्या बाजूला असतात म्हणून त्यांचे व्हॉल्व्ह बाहेर असतात, ओढायच्या रीड बाहेर असतात म्हणून त्यांचे व्हॉल्व्ह आत. तेव्हा ओढलेला स्वर फुसफुसत असेल तर गुन्हेगार बाहेरचा व्हॉल्व्ह, जो वरचं कव्हर काढलं की समोरच दिसतो, आणि फुंकलेला फुसफुसत असेल तर आतला, त्याला मात्र रीडप्लेट (रीड बसवलेला पत्रा) काढावी लागते. तुमचं काम बाहेरच्यावरच भागणार आहे.

कव्हरचे स्क्रू काढा, एका वाटीत ठेवा. हार्मोनिका डोळ्यांच्या रेषेत धरून ट्यूबलाइटकडे बघा, पट्ट्या एका ओळीत आडव्या दिसतील, ज्या सपाट निजल्यात त्या चांगल्या आणि ज्यांचं टोक केळीच्या सालासारखं वर वळलंय त्या वाईट. आता खात्री करायची. बाजा तसाच उघडा तोंडाला लावा, ओठ रीडला लागू देऊ नका, दोन नंबरच्या होलमधून हळूच श्वास ओढा आणि ओढता ओढताच बोटाच्या टोकाने त्या होलची बाहेरची पट्टी अलगद दाबून धरा. शेजारच्या रीडला बोट लागता कामा नये. एकदम आवाज भरला, दम लागायचा थांबला, तर झालं, चोर सापडला! मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तो स्वर इतका मोठा आला की मी दचकून तोंड बाजूला घेतलं होतं.

पट्टी नुसती घाण झाली असेल तर साध्या वहीच्या कागदाची बारीक चिंधी किंचित ओली करून पट्टीखाली सरकवा, वरून हलकं बोट ठेवा आणि चिंधी बाहेर ओढा. त्यावर तपकिरी डाग येईल, लाळेचा आणि खाल्लेल्याचा थर असतो तो. मग कोरड्या चिंधीने पुन्हा एकदा. बऱ्याच पट्ट्या दोन थरांच्या असतात, त्या दोन थरांच्या मधूनही एकदा फिरवा. पट्टी कायमची वळली असेल तर बदलायचीच, व्हॉल्व्हचे संच मिळतात. जुनी सोलून काढा, तिथला गोंद नखाने साफ करा, नवीन पट्टीच्या रिव्हेटकडच्या (रीड प्लेटला पक्की करणाऱ्या बारीक खिळ्याकडच्या) टोकाला सुईच्या अग्रावर मावेल एवढाच सुपरग्लू लावा. थेंब नाही, थेंबाने पट्टी पूर्ण चिकटते आणि कधीकधी रीडसुद्धा. तिन्ही होलना मिळून एक संध्याकाळ जाईल, दम लागायचा थांबला की नाही ते मला नक्की कळवा.

प्रश्न : थंडीत सकाळी रियाजाला बसलं की पहिली दहा-पंधरा मिनिटं काही स्वर उशिरा येतात, टक् असा आवाज होतो, मग आपोआप सुटतात. व्हॉल्व्ह बदलू का? (नाशिक)

नको हो, बाजा गरम करा फक्त. तुमचा श्वास गरम आणि दमट, पितळ थंड, त्यामुळे आत दव जमतं आणि त्या पाण्याने पट्टी प्लेटला चिकटते, मग तुम्ही फुंकलं की ती आधी सुटते आणि मग स्वर येतो. तो टक् म्हणजे पट्टी सुटल्याचा आवाज. वाजवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं हार्मोनिका अंगाजवळ ठेवा, स्वेटरच्या आतल्या खिशात किंवा काखेत, हाताला कोमट लागली की सुरू करा. एसी हॉलमध्ये कार्यक्रम असेल तरी हेच. उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तापवू नका, पट्ट्या वळतात आणि त्याला मग खरंच खर्च येतो. वाजवून झालं की होलची बाजू खाली करून तळव्यावर हलकी आपटा आणि लगेच डबीत बंद करू नका, अर्धा तास उघड्यावर राहू द्या. आणि वाजवायच्या आधी चूळ भरा, साखरेच्या चहानंतर तर हमखास!

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे. हळू वाजवलं तर ठीक पण जोरात सुरुवात केली की 9 नंबरच्या पुढचे स्वर गपच होतात. खालच्या काही होलचं उलटं आहे, जोर लावल्याशिवाय सुरूच होत नाहीत. गॅप सेट करायचा म्हणतात तो कसा? (कोल्हापूर)

तुझी तक्रार वाचून बरं वाटलं कारण तू नीट ऐकतोयस, बरेच जण वर्षानुवर्षं वाजवतात आणि त्यांना हा फरक कळत नाही. तुझ्या दोन तक्रारी म्हणजे एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

रीड म्हणजे पितळेची पातळ पट्टी, एका टोकाला रिव्हेटने पक्की, दुसरं टोक मोकळं आणि ते टोक खाचेच्या वर अगदी थोडंसं उचललेलं असतं. हे उचललेलं अंतर म्हणजे गॅप. हवा त्या फटीतून घुसते, रीडला खाचेत ओढून घेते, रीड स्प्रिंगसारखी परत येते, पुन्हा ओढली जाते, आणि हे 440 च्या ध स्वराला सेकंदात 440 वेळा चालतं. आता गॅप फार कमी असेल तर जोरात हवा आली की रीड खाचेवर जाऊन बसते आणि परत येतच नाही, वाऱ्याने दार धाडकन लागावं तसं, म्हणून तुझे वरचे स्वर गप होतात. गॅप फार जास्त असेल तर हळू श्वास फटीतून नुसता वाहून जातो, रीडला पकडायला काही मिळतच नाही, म्हणून तुझे खालचे स्वर जोर मागतात.

किती ठेवायचा? ठोकताळा असा की रीडच्या टोकाची जेवढी जाडी साधारण तेवढाच गॅप, खालच्या लांब रीडना थोडा जास्त, वरच्या छोट्या रीडना कमी. पण आकड्यापेक्षा शेजारीण बघ. जो स्वर तुला आवडतो त्या होलची रीड बाजूने उजेडात न्याहाळ आणि बिघडलेलीचा गॅप तिच्याशी ताडून बघ.

सुरुवात ओढायच्या रीडपासून कर कारण त्या बाहेरच असतात. मेकॅनिकच्या सामानाच्या दुकानात फीलर गेज मिळतो, पातळ पोलादी पानांचा जुडगा असतो, त्यातलं 0.05 किंवा 0.1 मिलिमीटरचं पान घे. गॅप वाढवायचा तर पान रीडखाली सरकवून रिव्हेटच्या बाजूला ने, तिथे केसभर उचल, दोन सेकंद धर, सोड. कमी करायचा तर लाकडी टूथपिकने रिव्हेटच्या जवळच अगदी हलकं खाली दाब. टोकाशी कधीच वाकवायचं नाही, टोक वाकलं की रीडची कमान बिघडते आणि ती परत सरळ करणं फार अवघड. फुंकायच्या रीड आत असतात, बाहेरची पट्टी जराशी उचलून खाचेतून टूथपिकने आत ढकललं की त्यांचा गॅप वाढतो. कमी करायला मात्र प्लेट काढून घे, आतून हात पोचल्याशिवाय ते नीट होत नाही.

एक रीड हलवली की वाजवून बघ, दोनदा. एकदा झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये इतकं हळू आणि एकदा एकदम जोरात. दोन्ही वेळा लगेच बोलली की हात मागे घे, अजून थोडं चांगलं होईल म्हणून पुन्हा पुन्हा खुपसत बसू नकोस. बोटाची ऊब लागली की रीड जरा बदलते म्हणून मध्ये एक-दोन मिनिटं थांबायचं. पहिल्या दिवशी चारच रीड कर.

आणखी दोन गोष्टी. जोरात वाजवून खरखर येत असेल तर प्लेट उजेडासमोर धरून रीड खाचेच्या मधोमध आहे का बघ, दोन्ही कडांना सारखी उजेडाची रेघ दिसली पाहिजे, कधीकधी तिथे एखादा केस किंवा रुमालाचा धागा अडकलेला असतो आणि एवढ्यावरच काम होतं. दुसरं म्हणजे वरच्या एक-दोन होलना काही मॉडेलमध्ये व्हॉल्व्ह कारखान्यातूनच नसतात, ते पडले म्हणून घाबरू नकोस. आणि वरचे स्वर कमी हवेतच बोलतात, तुझा श्वास हलका कर, गॅप सगळंच करून देणार नाही.

प्रश्न : बटण दाबलं की स्लाइड आत जाते आणि परत येतच नाही, हाताने ओढावी लागते. खोबरेल तेल घालून बघू का? शिलाई मशीनचं तेल आहे घरात. (पणजी, गृहिणी)

ताई, दोन्ही नको, प्लीज. तेलाने दोन दिवस छान सरकेल, मग त्यावर धूळ आणि लाळ बसून चिकट लगदा होईल आणि तो व्हॉल्व्हपर्यंत जाईल, शिवाय ते तोंडात जातं.

स्लाइड अडकते ती वाळलेल्या लाळेमुळे, त्यात साखर असली की अजूनच. माउथपीसचे दोन्ही बाजूंचे स्क्रू काढा. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या, प्रत्येक थर निघाला की परत फोटो, कारण माउथपीसखाली वरची पत्र्याची पट्टी, मग स्लाइड, मग खालची पट्टी असे थर असतात आणि उलटे बसले की काही केल्या बटण चालत नाही. स्क्रूवर छोट्या रबरी किंवा प्लास्टिकच्या नळ्या असतील, त्या बेसिनमध्ये जाऊ देऊ नका. हे पत्र्याचे भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाच्या एका थेंबाने जुन्या मऊ ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. बाकीचा बाजा पाण्यात घालायचा नाही.

परत बसवताना खरी गंमत आहे. स्क्रू एकदम आवळू नका, डावीकडे अर्धा फेरा, उजवीकडे अर्धा फेरा, आणि प्रत्येक वेळी बटण दाबून बघत राहा. ज्या ठिकाणी बटण जड व्हायला लागतं तिथून किंचित मागे या. फार सैल राहिलं तर स्लाइडच्या फटीतून हवा जाते आणि सगळेच स्वर पोकळ लागतात, फार घट्ट झालं तर बटण अडकतं. बरीच बटणं माणसाने जास्त आवळल्यामुळेच अडकलेली असतात. एवढं करूनही परत येत नसेल तर स्प्रिंग आपल्या भोकातून निसटली असेल, तेवढी बघा.

प्रश्न : ट्यूनर अ‍ॅपवर 4 नंबरचा ओढलेला नी 15 सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले पंधरा) खाली दाखवतो. आमच्या ओळखीत पेटी दुरुस्त करणारे आहेत, त्यांच्याकडून सूर लावून घेऊ का? (पुणे)

चांगला विचार आहे. पेटी आणि हार्मोनिका एकाच घराण्यातल्या, दोन्हीत पितळेची मोकळी रीड हवेने हलते, आणि सूर लावायचं तत्त्वही तेच, टोकाशी घासलं की रीड हलकी होऊन स्वर चढतो, रिव्हेटच्या बाजूला घासलं की रीड लवचीक होऊन स्वर उतरतो. पेटीवाल्यांचे कान आणि हात या कामात तयार असतात. फरक एवढाच की हार्मोनिकाची रीड फार छोटी आणि पातळ, पेटीच्या सवयीने दोन हात मारले तर इथे ते दहा हातांएवढं होतं. त्यांना रीडखाली पातळ पान आधाराला घालायला आणि व्हॉल्व्हला कानस लागू न द्यायला सांगा.

पण त्यांच्याकडे जायच्या आधी मला हवंय की तुम्ही बाकी सगळं तपासावं. बाजा कोमट करा. 4 नंबरचा बाहेरचा व्हॉल्व्ह बघा, कारण हवा निसटत असली की आपण नकळत जास्त ओढतो आणि जास्त ओढलं की स्वर उतरतो. मग गॅप बघा, गॅप बदलला तरी सूर थोडा हलतो. हे झालं की अ‍ॅप बाजूला ठेवून एक तपासणी करा, तार सा तीन ठिकाणी मिळतो, 4 नंबर फुंकून, 5 नंबर फुंकून, आणि 4 नंबर बटण दाबून ओढून. तिन्ही एकामागोमाग वाजवा. कान लगेच सांगेल की कोण वेगळं बोलतंय. तसाच मध्यम, 2 नंबर ओढून आणि 2 नंबर बटण दाबून फुंकून. अ‍ॅपवर बघायचंच असेल तर नेहमी वाजवता तेवढ्याच श्वासाने वाजवा, कारण श्वासाच्या दाबाने स्वर जरासा खाली येतो, म्हणून तर कारखान्यात बऱ्याचदा 440 ऐवजी 442-443 वर सूर लावतात.

मी हे सगळं एवढ्या कळकळीने सांगतोय त्याला कारण आहे. शिकायला लागलो तेव्हा माझा 5 नंबरचा ओढलेला रे उतरल्यासारखा वाटायचा, मी सरळ कानस घेतली आणि टोकाशी घासलं. टेबलावरच्या पेपरवर पितळेची सोनेरी पूड पडली, मला फार भारी वाटलं. आठवड्याने कळलं की बाहेरची पट्टी वळली होती. पट्टी बदलली आणि तो रे आता चढा लागायला लागला, मग तो उतरवायला रिव्हेटकडे घासलं, म्हणजे चांगली रीड दोन्ही बाजूंनी पातळ केली. काही महिन्यांत ती मुळाशी तुटली. ती हार्मोनिका आईने घेऊन दिलेली होती आणि तो रे मला अजून आठवतो. घासलेलं पितळ परत लावता येत नाही हो.

एक मात्र लक्षात ठेवा, चांगला लागणारा स्वर एक-दोन दिवसांत अचानक खूप उतरला, पाव स्वर किंवा जास्त, तर तिथे ट्यूनिंग करूच नका. रीडला रिव्हेटजवळ बारीक तडा गेलाय. ही खरी गेलेली रीड. ती किंवा पूर्ण प्लेट बदलावी लागते.

प्रश्न : रीड काळपट पडल्यात. देवाची भांडी चिंचेने घासतो तशा घासू का? (सातारा)

नाही! पितळ काळं पडल्याने आवाजाला काही होत नाही. घासलं तर वरचं पितळ निघून 48 च्या 48 स्वर हलतील, आणि चिंचेचं पाणी रिव्हेटखाली राहून तिथे हिरवट चढेल ते वेगळंच. हिरवट आधीच दिसत असेल तर टूथपिकने फक्त तेवढाच ठिपका अलगद काढा.

प्रश्न : बाबांची जुनी होनर 270 (होनर कंपनीची क्रोमॅटिक) मिळाली, लाकडी सांगाड्याची. पन्नास वर्षं कपाटात होती. सगळीकडून हवा जाते, प्लेटना स्क्रूच नाहीत, खिळे आहेत. वाजती करता येईल का? (न्यू जर्सी)

बहुतेक येईल, आणि करावीच असं मला मनापासून वाटतं. जुन्या 270 मध्ये नासपतीच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर खिळ्यांनी ठोकलेल्या प्लेट असायच्या, नंतरच्या डीलक्समध्ये स्क्रू आले. लाकूड श्वासाच्या ओलाव्याने फुगतं, वर्षानुवर्षं कोरडं पडलं की आकसतं, त्यामुळे प्लेट आणि लाकूड यांच्यात फट पडते आणि कधी लाकडालाच चीर जाते. पाण्यात अजिबात घालू नका. तुमच्याकडे हिवाळ्यात हीटरने घर फार कोरडं होतं, तेव्हा ती हीटरजवळ ठेवू नका. बाहेरून सगळं पुसून, व्हॉल्व्ह एकेक करून साफ करून आधी बघा किती हवा वाचते, इतक्या वर्षांत पट्ट्या कडक होऊन वळलेल्याच असतील, त्या सगळ्या बदलायची तयारी ठेवा.

त्यानंतरही कडेने हवा जात असेल तर प्लेट काढावी लागेल. पातळ सुरीचं पान एका टोकाकडून प्लेट आणि लाकडाच्या मध्ये सरकवायचं, जरा उचलायचं, पुढच्या खिळ्यापाशी जायचं, परत उचलायचं, दोन-तीन फेऱ्यांत प्लेट सगळीकडून सारखी सुटते. एकाच जागी जोर लावला तर प्लेट वाकते आणि मग ती बसतच नाही. लाकडाच्या कडांना वितळलेलं मधमाशीचं मेण अगदी पातळ लावलं की फट बुजते. आणि प्लेट काढायच्या आधी थर्माकोलच्या तुकड्यावर प्लेटचा आकार पेन्सिलने काढून घ्या, प्रत्येक खिळा निघाला की त्याच जागी त्यात टोचून ठेवा, म्हणजे परत ठोकताना तो आपल्याच जुन्या भोकात जाईल.